योहान्नेस यूल : साध्या पवनचक्कीचा माणूस

इंडक्शन मोटरची थिअरी आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो. पण हीच मोटर जनरेटर म्हणून जोडून एका माणसाने पवनचक्की स्वस्त करून दाखवली, हे किती जणांना ठाऊक आहे?

योहान्नेस यूल यांचा जन्म १८८७ साली डेन्मार्कमध्ये झाला. १९०४ मध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, त्यांनी आस्कोव्हच्या शाळेत पौल ला कूर यांचा खेड्यातल्या इलेक्ट्रिशियनसाठीचा कोर्स केला. पुढे ते एका वीज कंपनीत नोकरीला लागले आणि साठीच्या आसपास, रिटायर व्हायच्या वयात, पवनचक्कीच्या मागे लागले!

त्याआधी अमेरिकेत १९४१ साली १.२५ मेगावॅटची अजस्र पवनचक्की उभी राहिली होती. तिची पाती वाऱ्याप्रमाणे वळवणारी किचकट यंत्रणा होती. १९४५ मध्ये तिचं एक पातंच तुटलं आणि सगळं संपलं. यूल यांनी उलटा विचार केला. पाती सरळ फिक्स करून टाकली. वारा फार वाढला की पात्यांवर स्टॉल होतो आणि पॉवर आपोआप आवरते. इंडक्शन जनरेटर थेट ग्रिडला जोडला, म्हणजे ग्रिडची फ्रिक्वेन्सीच चक्कीचा वेग बांधून ठेवते. ग्रिड गेलीच तर पात्यांची टोकं वळून ब्रेक लागतो. बस्स, एवढंच!

१९५७ मध्ये गेडसर इथे तीन पात्यांची, २४ मीटर व्यासाची, २०० किलोवॅटची चक्की सुरू झाली. ती सुमारे दहा वर्षं फारशी कुरकुर न करता चालली. पण स्वस्त तेलापुढे तिची वीज महाग ठरली आणि १९६७ मध्ये ती बंद झाली. दोन वर्षांनी यूलही गेले. आपलं काम पुन्हा उभं राहिलेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र जग जागं झालं. नासाने रस घेतला, गेडसरची चक्की दुरुस्त करून तिच्यावर चाचण्या झाल्या. त्याच साध्या डिझाइनवर पुढे डेन्मार्कचा पवनचक्कीचा धंदा उभा राहिला. आजच्या मोठ्या चक्क्यांची पाती पुन्हा वळवता येतात, कारण आता ते परवडतं. पण वाऱ्याकडे तोंड केलेली तीन पाती तशीच आहेत.

तेव्हा प्रोजेक्टला बसताना अजून काय घालता येईल एवढंच बघू नका. काय काढून टाकता येईल, तेही बघा!