मलिक अंबर

सन १६२४ मध्यें कार्डिनल रिशल्यू हा तेराव्या लुई राजाचा मुख्य प्रधान झाला व सरदारांचा जोर मोडून राजसत्ता सर्वश्रेष्ठ करण्याचें काम त्यानें हातीं घेतलें, हें फ्रान्सच्या इतिहासांत आपण वाचतों. त्याच वर्षीं, राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यांत आहे त्याच आपल्या नगर जिल्ह्यांत, भातवडी येथें एका वृद्ध प्रधानानें बुडत्या निजामशाहीस तारलें. त्या पुरुषाचें नांव मलिक अंबर.

त्याचा जन्म सन १५४८ च्या सुमारास हबसाण देशांत झाला. बालपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदाद येथील एका व्यापाऱ्यानें त्यास विद्या शिकविली व अंबर हें नांव दिलें. पुढें तो दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा प्रधान चंगीझखान याच्या पदरीं राहिला. हा चंगीझखानही एके काळीं गुलामच होता. राज्यकारभार कसा चालतो, हें अंबरानें धन्याजवळ राहून डोळसपणें पाहिलें. धनी मरण पावल्यावर तो स्वतंत्र झाला. परंतु हातीं ना जहागीर, ना कुळाचें पाठबळ. थोडे स्वार जमवून त्यानें आपलें नशीब तरवारीवर सोंपविलें.

सन १६०० मध्यें चांदबिबी मारली गेली आणि नगरचा किल्ला मोंगलांनीं घेतला. राज्य संपलें, असें सर्वांस वाटलें. सरदारांपैकीं कोणी मोंगलांस मिळाले, तर कोणी आपापला मुलूख दाबून बसले. अशा वेळीं अंबरानें राजघराण्यांतील मूर्तजा नांवाच्या तरुणास परांड्यास गादीवर बसविलें व आपली कन्या त्यास दिली. दौलताबादेकडील प्रांत राजू दखनी या प्रबळ सरदाराच्या हातीं होता. अंबरानें त्यास कैद करून तो प्रांत राज्यास जोडला. रिशल्यूनें फ्रान्समध्यें सरदारांचे कोट पाडविले, त्याच्या पुष्कळ आधीं येथें हें घडत होतें.

परंतु केवळ तरवारीनें राज्य चालत नाहीं. पूर्वीं गांवचा वसूल मक्त्यानें दिला जाई, आणि मक्तेदार रयतेस पिळून काढी. अंबरानें ती पद्धति बंद केली. जमिनीची प्रत व पिकाचें मान पाहून सारा ठरविला, आणि गांवचा पाटील वसुलीस जबाबदार केला. प्रथम धान्याचा दोन-पंचमांश हिस्सा घेत व पुढें रोख सुमारें एक-तृतीयांश घेत, असें सांगतात. आमच्या पारनेराकडील कोरडवाहू शेतकऱ्यास अशा ठरावाचें मोल निराळें सांगावयास नको. पीक बुडालें असतां जो सारा तसाच उभा राहतो, तो घर बुडवितो. सन १६१० मध्यें त्यानें खडकी (पुढचें औरंगाबाद, आतांचें छत्रपति संभाजीनगर) हें शहर वसविलें व जमिनीखालून नहर काढून तेथें पाणी आणलें.

मोंगलांशीं त्याचें युद्ध कधीं थांबलें नाहीं. मराठे स्वार हाताशीं धरून तो शत्रूची रसद तोडी व समोरासमोर लढण्याचें टाळी. सन १६१६ मध्यें मोंगलांनीं खडकी उद्ध्वस्त केली; दोन वेळां त्यास तह करून मुलूखही द्यावा लागला; तरी तो पुन्हां उठला. बादशहा जहांगीर यानें तर अंबराच्या शिरावर आपण बाण मारीत आहों, असें चित्र काढवून घेतलें! प्रत्यक्षांत तें शिर त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

सन १६२४ मध्यें मोंगल व विजापूरकर एक होऊन त्याच्यावर चालून आले. अंबराचें वय तेव्हां पाऊणशें वर्षांच्या घरांत होतें. भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्यानें शत्रूच्या छावणीची दैना केली व नंतर एकदम हल्ला चढविला. या लढाईंत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले.

तथापि चरित्र सांगतांना दोष झांकूं नये. मूर्तजा स्वतंत्रपणें वागूं लागतांच सन १६१० मध्यें त्याचा अंत झाला, आणि तो अंबरानेंच करविला, असें इतिहासकार मानतात. गादीचें नांव राजाचें, परंतु हुकूम प्रधानाचा, अशी ती स्थिति होती. सन १६२६ मध्यें अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्या मागें फत्तेखान या त्याच्या पुत्रानें सन १६३३ मध्यें दौलताबाद मोंगलांस दिली. शहाजीराजांनीं एक बालराजा गादीवर बसवून झुंज दिली. पण सन १६३६ मध्यें निजामशाही कायमची बुडाली.

फ्रान्समध्यें रिशल्यूनें घातलेल्या पायावर चौदाव्या लुईनें सन १६६१ पासून एकतंत्री कारभार केला. सन १७१५ मध्यें तो मेला, तेव्हां मागें कर्जाचा डोंगर राहिला, आणि सन १७८९ मध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटला. सारी सत्ता एका हातीं एकवटली म्हणजे राज्य बळकट दिसतें खरें. परंतु तो हात गेला कीं तें सांवरणार कोण?

मुलांनो, बाजारांत विकल्या गेलेल्या एका मुलानें विद्या, उद्योग व धैर्य यांच्या बळावर राज्य तोललें, हें त्याचें थोरपण घ्या. आणि आपल्या मागून कार्य चालवितील अशीं माणसें तयार करणें त्यास साधलें नाहीं, हेंही विसरूं नका.