मांजराच्या पिल्लाचे पालक : हजरत अबू हुरैरा (रजि.)

हदीसच्या ग्रंथांत ज्या सहाबींचे नाव सर्वाधिक वेळा येते, ते हजरत अबू हुरैरा (रजि.) होत. त्यांच्या नावावर ५३७४ हदीस सांगितल्या जातात. एवढ्या थोर विद्वानाची जगाला असलेली ओळख मात्र कुळावरून किंवा पदावरून पडलेली नाही. ती एका मांजराच्या पिल्लावरून पडली. अबू हुरैरा म्हणजे छोट्या मांजरीचा पिता.

ते यमनमधील दौस कबिल्याचे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते. घरच्या शेळ्या चारणे हे त्यांचे काम. त्यांच्याजवळ मांजरीचे एक पिल्लू होते. रात्री ते त्याला झाडावर सुरक्षित ठेवीत, दिवसा सोबत नेत आणि शेळ्या चरत असता त्याच्याशी खेळत. लोकांनी हे पाहिले आणि तेच नाव कायम झाले. इस्लामपूर्व काळातील त्यांचे अब्द शम्स, अर्थात सूर्याचा दास, हे नाव बदलून अब्दुर्रहमान झाले. पिल्लावरून पडलेले नाव मात्र बदलण्याची गरज कोणालाही भासली नाही. स्वतः प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यांना प्रेमाने अबू हिर्र म्हणत.

हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यामुळे दौस कबिल्यात इस्लामचा संदेश पोहोचला. हिजरी सन ७ मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या वेळी, अबू हुरैरा (रजि.) प्रेषितांच्या सेवेत हजर झाले आणि मस्जिदे नबवीतील सुफ्फा या ओट्यावर राहणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांत सामील झाले. व्यापार नाही, शेती नाही. भूक अनावर झाली की पोटाला दगड बांधत. अशाच एका दिवशी प्रेषितांच्या घरी दुधाचा एक पेला आला. प्रेषितांनी त्यांना सर्व सुफ्फावाल्यांना बोलावण्यास सांगितले. एवढ्याशा दुधात आपल्या वाट्याला काय उरणार, असे मनात आले. तरी त्यांनी आज्ञा पाळली आणि एकेकाला पेला देत गेले. सर्वांची तृप्ती झाल्यावर तेही पोटभर प्याले आणि उरलेले दूध सर्वांत शेवटी प्रेषितांनी घेतले. स्वतः भुकेले असताना दुसऱ्याला आधी पाजण्याचा हा धडा ते जन्मभर विसरले नाहीत.

मातोश्रींची सेवाही त्यांनी अशाच निष्ठेने केली. आरंभी त्या इस्लामच्या विरोधात होत्या. पुत्राच्या विनंतीवरून प्रेषितांनी दुआ केली आणि त्यांनी ईमान स्वीकारले. घरात येता-जाता ते आईला सलाम करीत व बालपणी तिने केलेल्या संगोपनाबद्दल अल्लाहकडे तिच्यासाठी कृपा मागत. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात ते बहरैनचे राज्यपाल झाले, पुढे तेच पद पुन्हा देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. हिजरी ५९ च्या सुमारास त्यांचे निधन झाले आणि मदीनेच्या बकी कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले. त्यांनी शिष्य हम्माम बिन मुनब्बिह यांना सांगितलेल्या १३८ हदीसचा संग्रह आपल्या दख्खनचे, हैदराबादचे विद्वान डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी विसाव्या शतकात संपादित करून प्रकाशात आणला.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला नरकाची शिक्षा झाल्याची हदीस कथन करणाऱ्यांत अबू हुरैरा (रजि.) आहेत. तिने मांजरीला अन्न दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधण्यास मोकळेही सोडले नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाच्या क्षमेची हदीसही त्यांनीच पोहोचवली. म्हणजे मुका जीव घरात येतो तेव्हा नरक आणि क्षमा या दोन्ही वाटा घरातूनच निघतात.

राहात्यातील पेरूच्या बागेत, चाऱ्याच्या गंजीआड पिल्ले सापडतात आणि मुले ती हौसेने घरी आणतात. मुलांना हे अवश्य सांगावे की, सुमारे दोन महिने पिल्लाला आईपासून तोडू नये. आई जवळपास असेल तर ते तिथेच राहू द्यावे. घरी आणलेच तर उबदार कोपरा, स्वच्छ पाणी व विधीसाठी मातीचे पसरट भांडे द्यावे. गाईच्या दुधाने अनेक पिल्लांचे पोट बिघडते. कांदा-लसूण तर त्यांना विषासमान. पशुवैद्याकडून वेळेवर लस टोचून घ्यावी. मांजर घरात वावरल्याने घर नापाक होत नाही, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी तर वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरीसाठी कलते केले होते. आणि हौस फिटली म्हणून पिल्लाला पोत्यात घालून बाजारात सोडून येणे, हा त्या जिवावर उघड जुलूम आहे.

ज्यांच्या मुखातून दीनचा एवढा मोठा ठेवा आपल्यापर्यंत आला, त्यांच्या नावातच एका दुबळ्या जिवाची काळजी सामावली आहे. ते नाव घेताना आपल्या दारातील मुक्या जिवाचा हक्क आठवावा. अल्लाह आपल्या मुलांच्या अंतःकरणात दया रुजवो. आमीन.