शिपायाचं बोलावणं आलं आणि राहुरीच्या कुलकर्ण्याने सरकारी लेखणी कायमची सोडली

राहुरी म्हटलं की आपल्याला आठवतं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, मुळा धरण, नाहीतर ऊस. पण याच राहुरी तालुक्यात ताहराबाद नावाचं एक गाव आहे. अडीचशे वर्षांपूर्वी या गावच्या कुलकर्ण्याने चांगली चालू नोकरी सोडली, आणि त्यामुळे आज आपल्याला गोरा कुंभार, जनाबाई, दामाजीपंत यांच्या गोष्टी तोंडपाठ आहेत.

त्यांचं नाव महिपती. संतांची चरित्रं लिहिणारे म्हणून ते ओळखले जातात, पण आज आपण त्यांच्या आयुष्यातला एक निर्णय बघणार आहोत. तो त्यांनी कसा घेतला, कसा निभावला आणि त्याची किंमत कोणी मोजली?

कुलकर्णी म्हणजे नेमकं काय?

महिपतींचा जन्म १७१५ सालचा. वडील दादोपंत पंढरीचे निष्ठावंत वारकरी. उतारवयात झालेलं हे मूल, त्यामुळे घरात विठ्ठलभक्ती आणि लाड दोन्ही भरपूर.

घराण्याकडे ताहराबादचं कुलकर्णीपण होतं. आज कुलकर्णी हे आडनाव आहे, तेव्हा ते काम होतं. कोणाची जमीन किती, सारा किती भरला, बाकी किती, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात असायचं. गावात पाटलाचा शब्द चालायचा, पण कागद कुलकर्ण्याचा. शिवाय हे वतन होतं, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं, पिढ्यान्‌पिढ्या घर चालवणारं उत्पन्न. आजच्या भाषेत सांगायचं तर कायमची सरकारी नोकरी, तीही नातवंडांपर्यंत.

तर झालं असं की...

हा प्रसंग परंपरेने सांगितला जातो. एके दिवशी महिपती पूजेला बसले होते. तेवढ्यात जहागीरदाराचा शिपाई दारात आला. कचेरीत काम आहे, लगेच चला. महिपतींनी पूजा आटोपून येतो असं सांगितलं. शिपाई ऐकेना, उलट अद्वातद्वा बोलला. शेवटी महिपती पूजा अर्धवट टाकून उठले आणि कचेरीत गेले.

आता पुढचा भाग नीट बघा. तिथे त्यांनी भांडण केलं नाही आणि काम अडवूनही धरलं नाही. जे काम होतं ते पूर्ण केलं, घरी आले आणि कानावरची लेखणी विठ्ठलापुढे ठेवली. यापुढे सरकारी कामासाठी लेखणी हातात धरायची नाही, अशी शपथ घेतली.

आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? जेवताना साहेबांचा फोन आला की आपण उचलतो आणि मग रात्रभर साहेबांना शिव्या देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा शिव्या. महिपतींनाही शिपायाला दोष देत वतन सांभाळता आलं असतं, कारण शिपाई उद्धट होताच. पण पूजा सोडून उठायचं की नाही हे आपल्या हातात होतं आणि आपण उठलो, हे त्यांनी मान्य केलं असावं. म्हणून त्यांनी शिपायाला बदलायचा खटाटोप केला नाही, स्वतःचं काम बदललं.

मग लेखणीचं काय झालं?

लेखणी बंद झाली नाही, तिचा मालक बदलला. महिपतींनी तुकाराम महाराजांना गुरू मानलं. खरं तर तुकोबा त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी गेले होते, पण त्यांनी स्वप्नात येऊन उपदेश केला अशी महिपतींची श्रद्धा होती.

‘संतलीलामृत’ हा त्यांचा एक ग्रंथ. १७६१ ला पानिपत झालं, घरोघरी सुतक होतं. पुढच्याच वर्षी, १७६२ मध्ये, ‘भक्तविजय’ आला. त्याचे ५७ अध्याय आहेत. १७७४ मध्ये ५१ अध्यायांचा ‘भक्तलीलामृत’ पूर्ण झाला. भाषा इतकी सोपी की ज्याला वाचता येत नाही त्यानेही देवळात बसून ऐकावं. पुढे १९३३ मध्ये जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने केलेलं ‘भक्तविजय’चं इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झालं.

दप्तर सोडलं तरी कुलकर्ण्याची एक सवय मात्र सुटली नाही. नोंद कुठून आली ते सांगायचं. ‘भक्तविजय’च्या सुरुवातीलाच ते सांगतात की हे मी मनाने रचलेलं नाही, उत्तरेतले नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतला आहे. आता या चरित्रांत चमत्कार खूप आहेत आणि इतिहास म्हणून त्यातलं सगळं टिकत नाही, हे अभ्यासक सांगतातच. पण आपण कोणाकडून काय घेतलं हे महिपतींनी लपवलं नाही. दुसऱ्याची पोस्ट स्वतःच्या नावाने फिरवण्याच्या आजच्या काळात ही गोष्ट छोटी नाही.

दामाजी आणि तुकोबांच्या गोष्टीत काय दिसतं?

महिपतींनी सांगितलेली दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, सरकारी कोठारं भरलेली होती. दामाजी बादशहाचे अधिकारी. परवानगी न घेता त्यांनी धान्य लोकांना वाटलं. शिक्षा आपल्यालाच होणार, हे माहीत असून वाटलं. सरकारी काम सोडलेल्या माणसाने ही गोष्ट किती आतून लिहिली असेल, याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट ‘भक्तलीलामृत’मधली. तुकोबांना घराण्याच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची होती. धाकट्या भावाला, कान्होबाला, ते जमणारं नव्हतं. त्याला संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. भावाची वाटणी भावाला दिली आणि फक्त आपली नदीत सोडली. त्याग माझा आहे, तो तुझ्या ताटातून करायचा नाही, इतका साधा हिशेब.

आणि इथेच महिपतींना एक प्रश्न विचारावासा वाटतो. परंपरा असं सांगते की त्यांनी शपथ फक्त स्वतःपुरती ठेवली नाही, वंशजांनीही सरकारी लेखणी धरू नये असं बजावलं. म्हणजे निर्णय बापाचा आणि वतनाचं उत्पन्न गेलं मुलांचंही. त्या मुलांना कोणी विचारलं होतं का? ज्या गुरूचं चरित्र त्यांनी इतक्या प्रेमाने लिहिलं, त्या गुरूने भावाच्या कागदांना हात लावला नव्हता.

महिपतींचं मोठेपण याने कमी होत नाही. उलट लक्षात येतं की आपल्या निवडीची जबाबदारी आपण घेतली तरी तिची झळ घरच्यांना लागतेच. नोकरी सोडताना, कर्ज काढताना, गाव सोडताना हा हिशेबही मांडावा लागतो.

१७९० मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी महिपती गेले. जहागीरदाराच्या कचेरीत त्या दिवशी एवढं तातडीचं काय काम होतं, ते आज कोणालाही माहीत नाही. ‘भक्तविजय’ची पोथी मात्र अजून वाचली जाते. पुढच्या वेळी राहुरीवरून जाल तेव्हा ताहराबादला वाट वाकडी करून जाऊन या.