नव्या श्रद्धेचा आनंद : रेव्हरंड ना. वा. टिळक

'वनवासी फूल'चे कर्ते म्हणून नारायण वामन टिळक आपल्या परिचयाचे आहेत. येथे त्यांच्या चरित्राकडे आपण एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहू. नव्याने स्वीकारलेला धर्म माणसाला आप्तस्वकीयांपासून तोडतो, तेव्हा त्या धर्मातील उत्साह आणि आनंद तो कशाच्या बळावर टिकवतो?

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेहतीस; ख्रिस्ती म्हणून मात्र ते अगदी नवखे होते. या निर्णयाचे मोल केवळ त्यांनीच मोजले असे नाही. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांच्यापासून दुरावले. लक्ष्मीबाईंवर कोसळलेल्या दुःखाचे वर्णन तुम्ही 'स्मृतिचित्रे'मध्ये अवश्य वाचा. त्यावाचून टिळकांच्या श्रद्धेचा विचार एकांगी ठरेल.

विरहाच्या या काळात टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. पत्नीशी त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि पत्रांबरोबर कविताही जात. ज्या नात्याला धर्मांतराने तडा गेला, ते त्यांनी कवितेच्या धाग्याने धरून ठेवले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या. तरीही त्यांचा बाप्तिस्मा लगेच झाला नाही. स्वतःच्या विचाराने त्या मार्गावर येऊन 1900 साली त्यांनी तो घेतला. नवऱ्यामागोमाग जाणारी पत्नी एवढेच त्यांचे चित्र रंगवणे अन्यायाचे होईल.

आता भाषेकडे वळू. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते बरीच होती. अशा चालीत ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि तालाचा ठोका भलत्याच अक्षरावर पडतो. (भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला हा दोष जरा अधिकच खुपतो, हे मान्य.) शब्द कळतात, परंतु ते जिभेवर रुळत नाहीत. भजन-कीर्तनाच्या वातावरणात वाढलेल्या तरुण ख्रिस्ती माणसाला अशा उपासनेत परकेपणा वाटला, तर त्यात नवल नाही. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या छंदात आणली. मोठ्या अभंगातील सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची चरणरचना मराठी कानाला शिकवावी लागत नाही. टाळ-मृदंगासह भजन आणि ख्रिस्तचरित्रावरील कीर्तन यांना त्यांनी उपासनेत स्थान दिले. तुकाराम हा त्यांना आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा सेतू वाटे. त्यामुळे धर्म बदलताना हा वारसा टाकण्याची गरज त्यांना भासली नाही. 'अभंगांजली' वाचताना जाणवणारी प्रसन्नता माझ्या मते येथून येते. तो आनंद अखंड होता असे मात्र समजू नका. टिळकांचा स्वभाव तापट होता, हातात पैसा ठरत नसे आणि संसाराची ओढाताण नित्याची होती.

नगरच्या त्यांच्या घरी कितीतरी मुले राहिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हे त्यांपैकीच. 1912 पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. प्रतिष्ठा होती, निश्चित वेतन होते. तरी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पुन्हा नवखेपण पत्करले.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे होते. त्याचे उरलेले बहुसंख्य अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.