कॅमेऱ्याआधी हातात पट्टी-पेन्सिल: निजामाच्या दरबाराचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ

विशेष लेख

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या निजामाचे, त्याच्या महालांचे, दरबाराचे आणि त्याच्या राज्यातल्या दुष्काळाचेही फोटो ज्या माणसाने काढले, त्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे राजा दीनदयाळ. जन्माने राजा नव्हे. मेरठजवळच्या सरधना गावातल्या जैन सराफी घराण्यातला मुलगा. जन्म १८४४ चा.

दीनदयाळ कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. ते शिकले इंजिनीअरिंग. रुडकीला थॉमसन कॉलेज होतं, सरकारला रस्ते, कालवे, पूल बांधायला माणसं लागत, ती तिथे तयार होत. जमीन मोजायची, उंच-सखल बघायचं आणि कागदावर मापात नकाशा काढायचा, हे त्या शिक्षणाचं मूळ. १८६६ साली म्हणजे बाविसाव्या वर्षी त्यांना इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली. काम दोन प्रकारचं. बांधकामाचं अंदाजपत्रक तयार करणं आणि आराखडे काढणं.

आता कुणी म्हणेल, फोटोग्राफीचा आणि याचा काय संबंध? संबंध आहे आणि तोच या माणसाच्या आयुष्यातला महत्त्वाचा भाग आहे.

आराखडा काढणाऱ्याला कागद मोकळा दिसत नाही. कुठून कुठपर्यंत रेघ जाणार, इमारत कागदाच्या मध्ये बसवायची की बाजूला, वर किती जागा सोडायची, खाली किती, हे तो आधी ठरवतो आणि मग पेन्सिल टेकवतो. रस्ता लांब जाताना अरुंद होत होत एका ठिकाणी मिळाल्यासारखा दिसतो, ते कागदावर कसं उतरवायचं हे त्याला शिकवलेलं असतं. गवंड्याला ओळंबा आणि पाणसळ लागते, तशी आरेखकाच्या डोळ्यातच उभी आणि आडवी रेघ बसलेली असते. भिंत जरा कलली तरी त्याला खुपतं. दीनदयाळांनी हे काम काही वर्षं रोज केलं. कॅमेरा हातात येण्याआधीच फोटोची चौकट कशी भरायची याची तालीम झालेली होती, फक्त तिला ते नाव नव्हतं.

साधारण १८७४ मध्ये, तिशीच्या आसपास, त्यांनी फोटोग्राफी सुरू केली. नोकरी सांभाळून, हौस म्हणून.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे घासलेली काच, मध्ये भात्यासारखं चामडं. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेवर बघायचा. तिथे समोरचं दृश्य दिसायचं, पण उलटं. आभाळ खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. नवख्याला घेरी यावी असा प्रकार. पण याचा एक फायदा होता आणि चित्रकलेच्या मास्तरांना तो चांगला माहीत असतो. चित्र उलटं धरलं की हे देऊळ, हे झाड, हा अमुक साहेब असं मन सांगत नाही. दिसतात ते नुसते आकार. इथे काळं जास्त झालंय, तिथे जागा उगाच मोकळी पडलीय, हा कोपरा जड झालाय, हे चटकन कळतं. आज मोबाईलमध्ये सगळं सुलटं दिसतं, त्यामुळे ही मेहनत आपल्या वाट्याला येत नाही. काढलेला फोटो उलटा करून बघायला मात्र पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट काचेची. तेव्हा फिल्म नव्हती, प्रत्येक फोटोला एक काच लागायची. दीनदयाळांनी सुरुवात केली तेव्हाच्या चालू पद्धतीत काचेवर औषध ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम सोपं झालं. तरी काच ती काचच. महाग, जड, फुटणारी. आपण एका लग्नात चारशे फोटो काढतो आणि त्यातले दहा बघतो. त्यांना दिवसाला मोजक्या काचा मिळायच्या. म्हणून आधी चालायचं, जागा हेरायची, ऊन कुठून येतं ते बघायचं, थांबायचं. पेरणीला वापसा यायची वाट बघतात तसं. मगच भिंगावरचं झाकण काढायचं.

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांना त्यांचं काम आवडलं. मध्य हिंदुस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही पाठबळ दिलं. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा दीनदयाळांना त्याचे फोटो काढायची संधी मिळाली. सुरुवात करून दोन वर्षंही झालेली नव्हती. ओळखीशिवाय असं होत नाही, हे खरं. पण नुसत्या ओळखीने दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही.

त्यांचा हात खरा दिसतो तो जुन्या वास्तूंच्या फोटोंत. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याने त्यांना बुंदेलखंडच्या दौऱ्यावर सोबत नेलं. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, सांची अशा ठिकाणच्या वास्तूंच्या त्यांच्या फोटोंचं पुस्तक १८८६ मध्ये निघालं. मजकूर ग्रिफिनचा, फोटो दीनदयाळांचे.

हे फोटो नीट बघितले तर रुडकी आणि बांधकाम खातं त्यांत दिसतं. मोठी इमारत बऱ्याचदा समोरून सपाट न घेता जरा कोपऱ्यातून घेतलेली, म्हणजे दोन बाजू दिसतात आणि जाडी कळते. उभे खांब उभेच राहतात. हे आपोआप होत नाही. देवळाचं शिखर मावावं म्हणून आपण मोबाईल वर कलवतो आणि शिखर मागे पडल्यासारखं, वर निमुळतं होत गेलेलं येतं. त्या लाकडी कॅमेऱ्यात पेटी सरळ ठेवून पुढची भिंगाची फळी तेवढी वर सरकवता यायची. आपल्या फोनला ती सोय नाही, पण चार पावलं मागे सरकायची सोय आहे, शेजारच्या घराच्या गच्चीवर चढायची आहे.

मग माणूस. काही फोटोंत प्रचंड दगडी तोरणापाशी एखादा माणूस शांत उभा केलेला दिसतो. तो सजावटीला नाही. तो मापाला आहे. माणसाशेजारी तोरण बघितलं की ते किती उंच हे न सांगता समजतं. विहिरीचा, पडलेल्या झाडाचा किंवा खचलेल्या रस्त्याचा फोटो पंचनाम्याला लावताना हेच करावं लागतं. नुसता खड्डा फोटोत कितीही खोल वाटू शकतो किंवा उथळ.

आभाळाचीही अडचण होती. तेव्हाच्या काचेला निळा रंग फार चटकन लागायचा, त्यामुळे आभाळ बहुतेक वेळा नुसतं पांढरं यायचं. ढग नाहीत, काही नाही. अशा वेळी वरची अर्धी चौकट कोरी राहिली तर फोटो मेला. म्हणून इमारतीची बाहेरची कड त्या पांढऱ्यावर कशी उमटते हे बघून उभं राहावं लागायचं. नसलेल्या गोष्टीचाही चौकटीत हिशेब करावा लागतो, तो असा.

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. चाळीशी उलटलेली. सरकारी नोकरी पक्की, पेन्शनची. त्यांनी आधी लांब रजा घेतली आणि पुढे नोकरी सोडली. हैदराबादला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारात ते रुजू झाले, सिकंदराबादला स्टुडिओ उघडला. इंदूरचा स्टुडिओ होताच. १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ काढला. धर्मचंद आणि ग्यानचंद हे मुलगे धंद्यात आले आणि राजा दीनदयाळ अँड सन्स हे नाव झालं. त्यातला राजा हा किताब निजामाने दिलेला, सोबत मुसव्विर जंग ही पदवीही. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनदही मिळाली. किताबांची यादी अजून लांबवता येईल, पण तेवढ्यात त्यांच्या कामाबद्दल काही कळत नाही.

१८९२ मधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हैदराबादेत त्यांनी बायकांसाठी वेगळा स्टुडिओ सुरू केला. पडद्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर बसणार नाहीत, म्हणून तिथे फोटो काढायला एका इंग्रज बाईला नेमलं. धंद्याची अक्कल आणि रीतीभातीची समज, दोन्ही त्यात दिसतं.

दरबारी फोटोंची चौकट वेगळ्या नियमाने भरायची. तिथे मध्यभागी कोण, खुर्चीवर कोण, मागे उभा कोण, पायाशी जमिनीवर कोण, हे फोटोग्राफर एकटा ठरवत नसे. मान ठरलेला असायचा. फोटोग्राफरचं काम एवढंच की चाळीस माणसांत एकाचाही चेहरा झाकला जाऊ नये, आणि नजर तरी आधी मधल्या माणसावरच जावी. मधल्याच्या भोवती थोडी मोकळी जागा ठेवली, बाजूच्यांना त्याच्याकडे उतरत जाणाऱ्या ओळीत बसवलं की ते साधतं. सरपंच निवडीनंतरचा फोटो आठवून बघा. पंचवीस जण एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून, आणि हार कुणाच्या गळ्यात आहे ते शोधावं लागतं.

१९०२ च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आला होता. कर्झन, त्याची बायको आणि पायाशी मेलेला वाघ, हा दीनदयाळांच्या स्टुडिओचा फोटो फार प्रसिद्ध आहे. बघणाऱ्याने काय समजावं हे त्या मांडणीनेच सांगून टाकलंय. वाघ खाली, साहेब वर.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला होता. औरंगाबाद भागात निजाम सरकारने दुष्काळी कामं काढली. त्या कामांचे आणि तिथल्या माणसांचे फोटोही दीनदयाळांच्याच स्टुडिओने काढले. कॅमेरा तोच, डोळा तोच. रेघा सरळ, उजेड नीट. इथे वाचणाऱ्याला थोडं थांबावं लागतं. हे फोटो सरकारने केलेली सोय दाखवायला काढून घेतलेले होते. म्हणजे चौकटीत काय यावं हे पैसे देणाऱ्याने ठरवलेलं. जी माणसं कामापर्यंत पोचलीच नाहीत, वाटेत पडली, ती चौकटीबाहेर राहिली. यासाठी दीनदयाळांना दोष द्यावा का? दरबाराच्या पगारावरचा माणूस, त्याला सांगितलं तिथे तो गेला. पण हेही तितकंच खरं की ते गेले आणि फोटो नीट काढले, म्हणून मराठवाड्यातला सव्वाशे वर्षांपूर्वीचा भुकेला माणूस आज डोळ्यांनी बघता येतो. दरबारातल्या माणसांची नावं फोटोखाली ओळीने लिहून ठेवायची पद्धत होती. दुष्काळी कामावरच्या या माणसांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत. त्यांचे नातू-पणतू याच तालुक्यांत कुठेतरी असतील.

चौकट म्हणजे नुसतं काय घेतलं एवढंच नसतं, हे फोटो काढणाऱ्यापेक्षा फोटो बघणाऱ्याने जास्त लक्षात ठेवायला हवं. आज पीक नुकसानीचे फोटो गटागटात फिरतात तेव्हाही, रान कुठल्या कोपऱ्यातून घेतलंय आणि कडेला काय कापलंय, हे विचारायला हरकत नसावी.

१९०४ मध्ये मुलगा धर्मचंद गेला. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, दीनदयाळही गेले. वय एकसष्ट. सहावे निजाम १९११ मध्ये वारले. धंदा घरच्यांनी काही काळ चालवला, पण पहिल्यासारखा तो राहिला नाही. छोटे स्वस्त कॅमेरे आले होते, लोक स्वतःच फोटो काढू लागले होते, आणि दरबारी मोठ्या स्टुडिओंचे दिवस सरत चालले होते.

पुष्कळ काचा गेल्या. ज्या उरल्या त्यातल्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि त्या तिथे जपून ठेवल्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही त्यांच्या फोटोंचे अल्बम आहेत. २००६ मध्ये भारतीय पोस्टाने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

ज्यांना त्यांचे फोटो बघायचे आहेत त्यांनी मोबाईलवर राजा दीनदयाळ असं देवनागरीत किंवा इंग्रजीत टाकून शोधावं, बरेच निघतात. छोट्या पडद्यावर बघताना बोटांनी मोठे करून कडा बघाव्यात. मधला निजाम तर सगळेच बघतात. कडेला, खांबाआड, घोड्याचा लगाम धरून उभा असलेला एखादा माणूसही बऱ्याच वेळा सरळ कॅमेऱ्याकडे बघत असतो.