वाघाला साद घालणारा शिकारी

३० नोव्हेंबर १९३८ ची संध्याकाळ. नरभक्षक वाघिणीच्या दहशतीने कुमाऊंच्या पूर्व सीमेवरील ठाक हे गाव ओस पडले होते. गावाखालच्या रानात एका खडकाच्या आडोशाने त्रेसष्ट वर्षांचा एक शिकारी नर वाघाची डरकाळी हुबेहूब काढीत होता. जोडीदाराच्या शोधात असलेली वाघीण प्रत्येक सादेला ओ देत जवळ येत होती. अंधार दाटण्याच्या बेतात ती समोर आली आणि बंदुकीचे बार झाले. जिम कॉर्बेट यांनी टिपलेली ही शेवटची नरभक्षक वाघीण.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथील पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते निवर्तले. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरत असे. तेथील रानातच या मुलाचे खरे शिक्षण झाले. पाखरांचे आणि श्वापदांचे आवाज तो नुसते ओळखत नसे, ते गळ्यातून काढतही असे. चितळ, भेकर किंवा वानर धोक्याचा इशारा देऊ लागले की हिंस्र जनावर कोठे आहे आणि कोणत्या दिशेने निघाले आहे, हे त्याला उमगे. पुढे गंगेकाठच्या मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेण्यात कॉर्बेट यांची उमेदीची वीसेक वर्षे गेली. सुरुवातीच्या नरभक्षकांच्या शिकारी त्यांनी या कामातून सवड काढूनच केल्या.

१९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर नेपाळ व कुमाऊंतील मिळून ४३६ बळी होते. तिला शेकडो गावकऱ्यांच्या हाकाऱ्याने रानाबाहेर काढावे लागले. बिबळ्यापुढे मात्र हा उपाय चालत नसे. त्यासाठी शेळीचा आधार घ्यावा लागे. कळपापासून तोडून एकटी बांधलेली शेळी भेदरून ओरडते, आणि तिचा तो आक्रोशच बिबळ्याला ओढून आणतो. १९१० साली पनारच्या बिबळ्यासाठी त्यांनी शेळ्याच बांधल्या होत्या.

या पद्धतीची खरी कसोटी रुद्रप्रयागला लागली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत एका बिबळ्याने सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली. सापळे आणि विषप्रयोगही त्याच्यापुढे फसले. अखेर गुलाबराई येथे वाटेकाठच्या आंब्यावर कॉर्बेट रात्रीमागून रात्री बसून राहिले. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी होती. मे १९२६ च्या आरंभी एका रात्री ती घंटा अचानक वाजली, विजेरीचा झोत पडला आणि एका गोळीने त्या प्रदेशाची आठ वर्षांची रात्रबंदी उठली. शेळी सुखरूप राहिली.

भूक आणि मीलनाची ओढ या प्राण्याच्या सर्वांत स्वाभाविक प्रेरणा. त्यांनाच साद घालून त्याला मृत्यूकडे आणणे कॉर्बेट यांना कधी सुखाचे वाटले नसावे. ठाकच्या वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा आढळल्या, त्यांतली खांद्यावरची चिघळलेली होती. वाघ बहुधा जखमेमुळे किंवा वार्धक्यामुळे नरभक्षक होतो आणि अनेकदा ती जखम माणसाच्याच बेफिकीर गोळीची असते, हे त्यांनी आपल्या पुस्तकांतून पुन:पुन्हा मांडले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकाने जगाला शिकारीचा थरार दिला. पण त्याचबरोबर वाघाची बाजूही ऐकवली.

उत्तरायुष्यात त्यांच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक दिसू लागला. रानाची तीच जाण आता वाघांना चित्रफितीवर टिपण्याच्या कामी आली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीला त्यांनी हातभार लावला. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले. १९७२ च्या कायद्याने वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला, तोही याच कॉर्बेट उद्यानातून. ज्या वाघांना साद घालून त्यांनी गोळी झाडली, त्यांच्याच वंशाला अभय देणाऱ्या रानावर आज त्या शिकाऱ्याचे नाव आहे.