विश्लेषण : एका काढ्याने वाचलेल्या तरुणाने चीनचा औषधकोश कसा लिहिला?

सांधेदुखी, सूज, खोकला यांवरचा ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून पूर्व आशियातील वनौषधी आज जगभर विकल्या जातात. त्यांतील हुआंगचिन या पिवळ्या मुळाचा दाहशामक गुण प्रयोगशाळांमध्ये तपासला जात आहे. हेच मूळ जवळपास ५०० वर्षांपूर्वी एका मरणासन्न तरुणाला देण्यात आले होते. तो तरुण म्हणजे चीनचे प्रसिद्ध औषधकोशकार ली शिझेन.

ली शिझेन कोण होते?

त्यांचा जन्म १५१८ मध्ये आजच्या हुबेई प्रांतातील चीचोऊ येथे झाला. आजोबा गावोगाव फिरणारे वैद्य, तर वडील ली यानवेन नावाजलेले वैद्य होते. मात्र वैद्यकीला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे मुलाने शासकीय परीक्षा देऊन अधिकारी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. ली यांनी चौदाव्या वर्षी पहिली पायरी ओलांडली, पण प्रांतिक परीक्षेत ते तीनदा नापास झाले. अखेर ते वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागले.

हुआंगचिनचा प्रसंग काय होता?

विशीत असताना ली यांना सर्दी-खोकला झाला आणि तो बळावला. अंगात सतत ताप, वाटीभर कफ, अन्न नाही, झोप नाही. महिनाभर वेगवेगळी औषधे घेऊनही प्रकृती खालावतच गेली. घरच्यांनी आशा सोडली होती. तेव्हा वडिलांना तेराव्या शतकातील वैद्य ली दोंगयुआन यांचा एक उपाय आठवला. त्यांनी सुमारे ३७ ग्रॅम हुआंगचिन दोन पेले पाण्यात घालून एक पेला उरेपर्यंत उकळले आणि तो काढा मुलाला पाजला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे कफ आणि खोकलाही गेला. हा अनुभव ली यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवला आहे.

मग औषधकोशाची गरज का भासली?

जुन्या ग्रंथांत एकच वनस्पती दोन नावांनी, तर दोन वेगळ्या वनस्पती एकाच नावाखाली नोंदल्या होत्या. विषारी द्रव्यांना निर्धोक म्हटले होते. अशी चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे वैद्यकी करताना ली यांना दिसत होते. मिंग सम्राट च्याचिंग तेव्हा अमरत्वाच्या रसायनांच्या नादी लागला होता. ली यांनी मात्र पारा खाऊन आयुष्य वाढते या समजावर कठोर टीका केली.

राजवैद्यक संस्थेतील अल्पकाळची नोकरी सोडून ते गावी परतले. १५५२ मध्ये सुरू केलेले काम १५७८ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी त्यांनी सुमारे ८०० ग्रंथ चाळले, शेतकरी, कोळी, शिकारी यांना माहिती विचारली आणि धोतऱ्याच्या फुलाचा परिणाम स्वतःवर तपासला. मसुदा तीनदा नव्याने लिहिला. ‘बेनत्साओ गांगमू’ या ५२ खंडांच्या ग्रंथात १,८९२ औषधी द्रव्ये आणि ११ हजारांहून अधिक औषधयोग आहेत. त्यांतील ३७४ द्रव्यांची भर ली यांची.

एवढा मोठा ग्रंथ छापायला प्रकाशक मिळेना. शेवटी नानजिंगमध्ये छपाई सुरू झाली. १५९३ मध्ये ली यांचे निधन झाले आणि ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील प्रत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २०११ मध्ये युनेस्कोने या ग्रंथाचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.

आजचे विज्ञान काय सांगते?

हुआंगचिन ही तुळशीच्या कुळातील वनस्पती आहे. तिच्या मुळात बायकॅलिन, बायकॅलीन आणि वोगोनिन ही फ्लेव्होनॉइड गटातील रसायने असतात. शरीरात दाह सुरू झाला की ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन पेशींना सूज वाढवणारे घटक तयार करायला लावते. ही रसायने त्या प्रक्रियेला आवर घालतात, असे पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मात्र माणसांवरील भक्कम चाचण्या अजून कमी आहेत. ली यांचे बरे होणे हाही एकाच रुग्णाचा अनुभव आहे; त्यावरून औषध सिद्ध होत नाही.

धोका आहे का?

आहे. हुआंगचिन असलेल्या उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सांधेदुखीसाठी विकले जाणारे, बायकॅलिन असलेले एक उत्पादन अमेरिकेत २०१८ मध्ये बाजारातून परत मागवण्यात आले. यकृत आणि फुप्फुसाच्या तक्रारी हे त्याचे कारण होते.

त्यामुळे अशी उत्पादने ऑनलाइन मागवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि सुरू असलेल्या गोळ्यांची माहिती त्यांना द्यावी. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ज्या मुळाने जीव वाचला, त्याच्यावरही ली यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही. अशक्त, ‘थंड’ प्रकृतीच्या रुग्णाला ते देऊ नये, असे त्यांनी त्याच नोंदीत बजावले आहे.